आरोग्याच्या गप्पा : दोन्ही खुबे एकदमच बदलायचे का?



मागच्या अंकात गुडघ्यांबद्दल लिहिले तेव्हाच वाटले होते, की आता खुब्यांची पत्रे येणार. तशी ती आली. त्यातले एक दिमोनाहून आहे. लिहिणाऱ्या बाईंनी नाव छापू नका असे बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्यांच्या ह्यांचे वय ७१, दोन्ही खुबे झिजलेले. शब्बाथला सिनेगॉगपर्यंतची दहा मिनिटांची वाट अर्ध्या तासाची झाली आणि गेले दोन महिने तीही बंद. मोजे बाईंनाच घालून द्यावे लागतात. सुनेने कुठल्याशा खासगी इस्पितळाचे पत्रक आणले: दोन्ही खुबे एकाच ऑपरेशनात, छोट्याशा चिरेतून, तिसऱ्या दिवशी घरी. हे म्हणतात, "एकदाच काय ते होऊन जाऊ दे." बाई लिहितात, "मला मेलं रात्रभर झोप नाही. ह्यांना साखर आहे, पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. तुम्हीच सांगा, हो म्हणू की नको?"

हो की नको ते मी कोण सांगणार? ते त्यांना तपासणारा डॉक्टर सांगेल. पण पत्रकात मोठ्या अक्षरात काय छापले आहे आणि काय छापायचे राहिले आहे, एवढे मात्र सांगता येईल.

आधी खुबा म्हणजे नेमके काय ते पाहू. आपली माणसे कमरेवर हात ठेवून "खुबा दुखतो" म्हणतात आणि दुखत असतो पाठीचा मणका. खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत असते. कधी ते मांडीच्या पुढून खाली उतरते आणि गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचे तीन-तीन एक्स-रे झाले आणि शेवटी दोष खुब्यात सापडला, असे वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बत्तीस वर्षांत मी कितीदा पाहिले आहे. मोजे घालता येत नाहीत, पायाची नखे कापता येत नाहीत, गाडीतून उतरताना पाय हाताने उचलून बाहेर काढावा लागतो, ही खुब्याची लक्षणे.

आता बाळांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या पणजोबा-खापरपणजोबांना कोकणात लोक शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. घाण्यात एक उखळ असे आणि त्यात एक जाड दांडा फिरे. त्याला लाट म्हणत. बैल गोल गोल चाले, लाट उखळात फिरे आणि तेल निघे. तुमच्या खुब्यातही असाच एक घाणा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्यावर आणि वाटीत गुळगुळीत अस्तर असते, मध्ये थोडेसे वंगण. म्हणून तर तुम्हाला उड्या मारता येतात. आजोबांचे अस्तर झिजले आहे, हाडावर हाड घासते, म्हणून ते "अयाई गं" करत उठतात. घाण्याची लाट झिजली की सुतार नवी घालून देई. सर्जन तेच करतो.

खुब्याची गोष्ट तोरातही आहे. वाय्यिश्लाखच्या पाराशात आपला बाप याकोब रात्रभर एका माणसाशी झुंजला. त्या माणसाने त्याच्या मांडीच्या वाटीला हात लावला आणि सूर्य उगवला तेव्हा याकोब लंगडत निघाला. म्हणून आपण जनावराची ती शीर, गिद हनाशे, खात नाही. ही शीर माणसाच्या खुब्याच्या सांध्याच्या अगदी पाठीमागून जाते, चांगली बोटाएवढी जाड असते. डॉक्टर तिला सायॅटिक नर्व्ह म्हणतात. पुढे तिचे काम पडणार आहे.

ऑपरेशनात करतात काय? झिजलेला गोळा कापून काढतात. वाटी आतून खरवडून तिच्यात धातूची नवी वाटी बसवतात, तिला आतून एका खास प्लास्टिकचे अस्तर. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवतात आणि त्याच्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा. ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. बर्लिनमध्ये थेमिस्टोकलीस ग्लुक नावाच्या सर्जनने १८९० च्या सुमारास चक्क हस्तिदंताचे सांधे करून बसवले होते. आजची पद्धत मात्र इंग्लंडच्या जॉन चार्नली यांची. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, हो, तेच तव्याचे टेफ्लॉन. काही वर्षांतच ती झिजली आणि पुष्कळ रोग्यांवर पुन्हा ऑपरेशन करायची पाळी आली. मग १९६२ मध्ये त्यांनी रायटिंग्टन इस्पितळात पॉलिएथिलिनची वाटी वापरली आणि तिथून जगभर खुबे बदलू लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्लास्टिक आणखी चिवट करून वापरतात, ते फारच कमी झिजते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये या ऑपरेशनला शतकातले ऑपरेशन म्हटले, ते काही उगीच नाही. त्याच नियतकालिकात २०१९ मध्ये हिशेब आला, की बसवलेल्या १०० खुब्यांपैकी साधारण ५८ पंचवीस वर्षे टिकतात. म्हणजे सत्तरीच्या माणसाला "पुन्हा बदलावा लागेल का?" ही काळजी फारशी करायला नको.

पण नवे ते सगळे चांगले, असेही नाही. मध्यंतरी गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची असे खुबे निघाले होते. तरुण रोग्यांसाठी उत्तम म्हणून त्यांची वाहवा झाली. धातूचे बारीक कण सुटून आजूबाजूचे मांस खराब होऊ लागले आणि २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीला आपले खुबे जगभरातून परत घ्यावे लागले. पत्रक हातात आले की हे मी आधी आठवते.

आता छोटी चीर. पूर्वी खुब्याला २०-२५ सेंटीमीटरची चीर घेत, आता १० सेंटीमीटर किंवा त्याहून कमी. पण एक साधी गोष्ट बघा: कातडी भरून येते ती दोन कडा एकमेकींना जुळून. लांब चीर आणि आखूड चीर दोन्ही भरायला तेवढेच दिवस लागतात. आखूड चिरेने व्रण छोटा दिसतो, ठीक आहे, सत्तराव्या वर्षी समुद्रावर कोणाला दाखवायचाय? महत्त्वाचे आहे ते कातडीखाली काय होते ते. स्नायू कापला की नुसता बाजूला सारला?

इथे वाटा दोन-तीन आहेत. एक पाठीमागून. तीत सांध्यामागचे काही छोटे स्नायू सोडवून नंतर पुन्हा शिवतात आणि याकोबाची ती शीर सांभाळावी लागते. लाखो माणसे या वाटेने बरी झाली आहेत, तिला नावे ठेवू नका. दुसरी वाट पुढून, जांघेच्या जरा बाहेरच्या बाजूने. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून सर्जन सांध्यापर्यंत पोचतो, कापायचे फारसे काही नसते. पॅरिसला ज्यूदे यांनी १९४७ मध्ये खुब्यासाठी ही वाट धरली होती, म्हणजे तीही काही काल-परवाची नाही. पुढून केलेल्या माणसाला पहिले काही आठवडे थोडे सोपे जाते, काठी लवकर सुटते. तीन महिन्यांनी, वर्षाने पाहाल तर पुढून केलेला आणि मागून केलेला यांच्या चालण्यात फरक ओळखता येत नाही. पुढच्या वाटेचेही तोटे आहेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो, कधी कायमचा. पोट सुटलेले असेल तर पोटाच्या घडीखाली जखम ओली राहते, भरायला त्रास देते. आणि जागा अरुंद असल्यामुळे सर्जनचा हात बसेपर्यंत, म्हणजे त्याच्या पहिल्या पन्नास-शंभर ऑपरेशनांत, हाडाला तडा जाण्यासारखे प्रकार जास्त होतात. २००० नंतरच्या काही वर्षांत दोन छोट्या चिरांची एक पद्धत फार गाजली होती, जाहिरातींत तर होतीच. पुढे तिच्यात त्रास जास्त आणि फायदा काही नाही असे दिसले आणि बहुतेकांनी ती सोडून दिली.

मग ही छोटी चीर आणि "दोन्ही एकदम" यांची जोडी का जमली? कारण सोपे आहे. मागून करायचे तर रोगी कुशीवर असतो. एक बाजू झाली की त्याला भूल दिलेल्या अवस्थेत उलटायचे, पुन्हा सगळे निर्जंतुक करायचे, पुन्हा नव्या चादरी. पुढून करायचे तर रोगी उताणा असतो. उजवा झाला की डावा, माणूस जागचा हलत नाही. म्हणून पुढची वाट येणारे सर्जन दोन्ही एकदम करायला जास्त तयार असतात. दोन-तीन तासांत काम होते.

फायदे खरेच आहेत, पत्रकाने काही खोटे सांगितलेले नाही. भूल एकदा, इस्पितळ एकदा, फिजिओथेरपी एकदा, मुलांच्या रजा एकदा. आणि आणखी एक फायदा घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन्ही खुबे आखडलेले असतील तर एकच दुरुस्त करून भागत नाही. नवा पाय सरळ व्हायला बघतो, जुना त्याला वाकडे ठेवतो. माणूस नव्या पायाचा व्यायाम करणार कसा, ज्या पायावर भार द्यायचा तोच दुखतो! माझ्या ओळखीचे अश्दोदचे एक गृहस्थ आहेत. वय ५८, दुसऱ्या आजारासाठी पुष्कळ दिवस कॉर्टिझोन घ्यावे लागले, त्याने दोन्ही गोळ्यांचा रक्तपुरवठा गेला आणि हाड आतून मेले. बाकी हृदय उत्तम, फुफ्फुसे उत्तम, साखर नाही, अंगाने सडपातळ. त्यांनी दोन्ही एकदम केले. तीन महिन्यांत बसने कामावर जाऊ लागले. त्यांना ते शोभले.

आता पत्रकात न छापलेले. दोन्ही बाजूंना मिळून रक्त जवळजवळ दुप्पट जाते. हल्ली ट्रॅनेक्सामिक ॲसिड नावाचे औषध देतात, त्याने रक्तस्राव बराच कमी झाला आहे, तरी दोन्ही एकदम करणाऱ्यांना रक्त चढवायची वेळ जास्त येते. मांडीच्या पोकळीत दांडा ठोकताना मज्जेतल्या चरबीचे कण रक्तात शिरतात आणि फुफ्फुसांकडे जातात. एका बाजूचे धडधाकट माणूस सोसतो. दोन्ही बाजूंचे एका तासाच्या अंतराने सोसायचे तर हृदय आणि फुफ्फुसे भक्कम हवीत. पायात गुठळी होण्याची भीती आहेच. म्हणून बहुतेक सर्जन दोन्ही एकदम करतात ते निवडून घेतलेल्या माणसांवर, जे वयाने फार झालेले नाहीत आणि ज्यांना हृदयाचा-फुफ्फुसाचा आजार नाही. पत्रकात जे छान छान निकाल दिसतात ते या निवडलेल्या माणसांचे असतात. सगळ्यांना तेच लागू होतील असे धरून चालू नका.

तर दिमोनाच्या बाई, तुमच्या ह्यांना साखर आहे आणि स्टेंट आहे. अशा माणसाला बहुधा सांगतात, की आधी जास्त दुखणारा करा, तीनेक महिने जाऊ द्या, मग दुसरा. तेही याच छोट्या वाटेने होऊ शकते, त्याला कोणाची ना नाही. दोनदा इस्पितळ हे खरे, पण दोन्ही वेळा घरी येणे महत्त्वाचे. मात्र माझ्या शब्दावर जाऊ नका. तीन माणसांना भेटा. एक, हृदयाचा डॉक्टर: स्टेंटसाठी चालू असलेली गोळी थांबवायची का, किती दिवस, हे फक्त त्यानेच सांगायचे. सर्जनच्या सेक्रेटरीने फोनवर सांगितले म्हणून गोळी बंद करायची नाही. दोन, भूल देणारा डॉक्टर. आपल्याकडे त्याला कोणी विचारतच नाही, आणि एकदम की दोनदा या प्रश्नाचे सगळ्यात खरे उत्तर त्याच्याकडेच असते. तीन, दुसरा एखादा सर्जन. इथल्या १९९६ च्या रोगी हक्क कायद्याने दुसरे मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून लाजू नका, त्यांना सवय आहे.

सर्जनला काय विचारायचे? वर्षाला तुम्ही असे किती खुबे करता, आणि दोन्ही एकदम किती. त्यातल्या किती जणांना साखर होती. रात्री काही झाले तर त्याच इमारतीत अतिदक्षता विभाग आहे का, की अँब्युलन्सने दुसरीकडे न्यायचे. हा शेवटचा प्रश्न खासगी इस्पितळात तर विचाराच. आणि कुपत होलीमच्या टोफेस १७ मध्ये काय काय येते, ऑपरेशननंतरचे शिकुम किती दिवसांचे, हे आधी लेखी घ्या. आपल्या देशात सगळे "अखरे हाखागीम" असते, म्हणून तिशरीचे सण संपले की रांगा लागतात. तारीख आधी धरलेली बरी.

तारखेपर्यंतचे दिवस वाया घालवू नयेत. साखर ताब्यात आणा, कारण साखर चढलेल्या अंगात जखम चिघळते. नव्या खुब्यात जंतू शिरण्याचा प्रकार शंभरात साधारण एकाला होतो, पण ज्याला होतो त्याला पुन्हा पुन्हा ऑपरेशन. किडका दात असेल तर आधी काढून टाका. सिगारेट बंद. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आधीच सुरू होतात. आणि हाताचे व्यायाम करा, कारण पहिले दिवस सगळा भार हलिखोनवर, म्हणजे तुमच्या हातांवर असतो.

गुठळी होऊ नये म्हणून घरी आल्यावरही चार-पाच आठवडे पोटात इंजेक्शन किंवा गोळी घ्यावी लागते. इंजेक्शनाबद्दल एका आजोबांनी मला मागे हळूच विचारले होते, की हे डुकरापासून करतात ना? हो, हेपारिनच्या जातीची ही औषधे डुकराच्या आतड्यापासून करतात. पण टोचून घेणे म्हणजे खाणे नव्हे, आणि रब्बींनी त्याला मोकळीक दिली आहे. संकोचाने इंजेक्शन चुकवू नका. जिवाचा प्रश्न आहे, पिकुआख नेफेश.

घरी आल्यावर पहिले दीड-दोन महिने बसण्या-उठण्याचे नियम असतात. मागून केलेले असेल तर गुडघा कमरेच्या वर जाईल असे बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकून चप्पल उचलायची नाही. पुढून केलेले असेल तर नियम थोडे वेगळे आणि सैल असतात, तुमचा सर्जन सांगेल तेच धरा. आपल्या घरांतला सोफा बहुधा फार खोल असतो, त्याच्यावर बसू नका. उंच, हाताची खुर्ची हवी. पाटावर बसून भाकऱ्या थापणाऱ्या बायका अजून आहेत आपल्यात, त्यांनी पाट आता नातीला द्यावा. देव न करो, पण त्या दिवसांत घरात शिव्हा बसायची वेळ आलीच, तर आजाऱ्याने आणि म्हाताऱ्याने नेहमीच्या खुर्चीवर बसावे. धर्माने त्याला मुभा आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून जमिनीलगत बसून खुबा निसटलेला मी पाहिला आहे.

उंच खुर्ची, संडासावर ठेवायची उंच बैठक, हलिखोन, काठ्या, हे सगळे विकत घेऊ नका. याद सारा ही संस्था १९७६ पासून असे सामान उसने देते. अनामत रक्कम भरायची, सामान परत केले की ती परत मिळते. सामान ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा, नंतर धावाधाव होते.

आणि बाळांनो, आजोबा इस्पितळातून येण्याआधी तीन कामे तुमची. घरातल्या छोट्या सतरंज्या गुंडाळून कपाटावर ठेवायच्या, कारण त्यात हलिखोन अडकते. खेळण्यातल्या गाड्या जमिनीवर सोडायच्या नाहीत. आणि आजोबांच्या हातून चष्मा पडला की ते वाकण्याआधी तुम्ही उचलायचा. एक गंमतही सांगते. नंतर कधी बसच्या तहानाला किंवा विमानतळावर गेलात तर आजोबा दारातून जाताना यंत्र वाजण्याची शक्यता आहे. घाबरायचे नाही. पहारेकऱ्याला म्हणायचे, माझ्या सबाच्या आत नवा घाणा बसवलाय.

पुढच्या अंकात मोतीबिंदू. पत्रे मराठीत, हिब्रूत, कशीही लिहा, फक्त अक्षर मोठे काढा.